तुटक रेषेची वाट

एप्रिलमधली सकाळ. मुळशीहून ताम्हिणीकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं की लागणाऱ्या एका वाडीतली आजी दोन रिकामे हंडे घेऊन झऱ्याकडे निघाली होती. वाट अगदी पायाखालची, डोळे मिटून चालावी अशी. जांभळीपाशी वळण घेतलं आणि समोर फाटक आलं, आदल्या दिवशीच बसवलेलं. खांबांच्या बुडाशी घातलेलं काँक्रीट अजून ओलं होतं, ते वाळून तडकू नये म्हणून त्यावर भिजवलेलं पोतं गुंडाळलं होतं आणि हिरव्या ऑइलपेंटचा वास आसपास भरून राहिला होता. साखळी, साखळीला पितळी कुलूप. आजीने हंडे खाली ठेवले. कुलूप तळहातावर घेतलं, ओढलं नाही, नुसतं तोलून पाहिलं आणि सोडलं. "वाट गेली," ती म्हणाली. गावात कुणी माणूस गेलं की दारात येऊन जसं सांगतात, त्याच आवाजात. मग हंडे उचलून ती कुंपणाच्या कडेकडेने ओढ्यात उतरायला लागली.

तो आवाज डोक्यातून जात नाही. त्यात राग असता तर बरं वाटलं असतं.

डोंगरातली वाट कुणी आखत नाही. माणसं आणि गुरं मिळून ती पाडतात, आणि एकदा पडली की ती फार शहाणी असते. ती चढाला सरळ भिडत नाही, तिरकी जाते. निसरडा भाग टाळते, कातळ लागला की त्याच्या अंगाने वळते, उन्हाच्या वेळी जिथे सावली हवी तिथे नेमकं झाड असतं. डोक्यावर भारा घेतलेलं एक माणूस सुखाने जाईल एवढीच तिची रुंदी. खडी चढण आली तर कुणीतरी कधीतरी दगड रोवून पायऱ्या केलेल्या असतात. मुख्य म्हणजे ती उताराला आडवी असल्यामुळे पावसाचं पाणी तिच्यावरून धावत नाही, ओलांडून जातं. याच उतारावर जेसीबीने सरळ वरपर्यंत रस्ता काढला की पहिल्याच आषाढात त्याचा ओढा होतो. वरच्या अंगाला गटार नाही, ठरावीक अंतरावर रस्त्याखालून पाणी पलीकडे काढणारा पाइप नाही, रस्त्याला बाहेरच्या बाजूला हलका ढाळ नाही, मग पाणी चाकोऱ्या धरतं, मुरूम धुऊन नेतं आणि खालच्या माणसाच्या भाताच्या खाचरात नेऊन टाकतं. या माथ्यावर हंगामात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढ्या पाण्याला कुठून जायचं ते वाटेला ठाऊक असतं, जेसीबीला सांगावं लागतं.

आणि ही वाट कागदावर नाही असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. गावाचा नकाशा काढून बघावा. त्यात एका तुटक रेषेने दाखवलेली असते ती पायवाट, दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली ती गाडीवाट. महसुली नोंदींत यांच्या रुंदीसुद्धा ठरलेल्या आहेत, पायवाटेला सव्वाआठ फूट, गाडीवाटेला साडेसोळा ते एकवीस फूट. सातबाऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात लागवडीखालच्या जमिनीच्या खाली पोटखराबा लिहिलेला असतो, त्याचे वर्ग दोन. 'अ' म्हणजे खडकाळ, पिकाला निरुपयोगी. 'ब' मात्र वेगळा. मालकाशिवाय इतर लोकही वापरतात असा रस्ता, मान्य पायवाट, पिण्याच्या पाण्याचा ओढा किंवा तळं, स्मशानाची जागा, हे सगळं 'ब' मध्ये येतं. सातबाऱ्यावर मालकाचं नाव असलं तरी त्या चार-दोन गुंठ्यांवर गावाचा पाय आहे, हे सरकारने स्वतःच लिहून ठेवलेलं असतं. शिवाय उजवीकडे 'इतर हक्क' नावाचा रकाना. कुळाची नोंद, कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, सगळं त्यात यायला हवं. पुष्कळदा तो रिकामा असतो, कारण ज्यांची वाट आहे त्यांना ती लिहून घ्यावी असं कधी वाटलेलंच नसतं. सूर्य उगवतो हे कोण नोंदवून घेतं?

व्यवहार होताना मात्र नकाशा कुणी मागत नाही. घेणारा काय बघतो? सातबारा, खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा म्हणजे आठ-अ, मागचे फेरफार, वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, भोगवटादार वर्ग एक आहे की सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारा वर्ग दोन, कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकू न देणारं कुळकायद्याचं कलम 43 लागलेलं आहे का, बिनशेतीचा आदेश आहे का. हे सगळं बघायलाच हवं. वर्ग दोनची जमीन परवानगीशिवाय घेतलेल्या माणसाची वर्षानुवर्षं कचेरीत जातात. पण हे सगळे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात, की जमीन माझी होईल का. त्या जमिनीवरून कोण जातं, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे विचारायला फार खर्च नाही. गावनकाशाची नक्कल भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. हद्दकायम मोजणीच्या दिवशी वरच्या आणि खालच्या खातेदाराला आवर्जून बोलवावं आणि तुटक रेषा आपल्या गटातून कुठून जाते ते भूकरमापकाला जागेवर दाखवायला सांगावं. आणि पावसाळ्यात एकदा, भर पावसात, तिथे जाऊन अर्धा तास नुसतं उभं राहावं. जमीन बहुतेक जण दिवाळीनंतर बघतात. तेव्हा डोंगर सोनेरी असतो, हवा स्वच्छ असते, आणि ओढ्याच्या जागी कोरडे गोटे असतात.

यात एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागते. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, कुळकायद्याचं कलम 63 तेच सांगतं. म्हणून बिनशेती न झालेली जमीन घेताना पुण्या-मुंबईचा माणूस आधी आपल्या गावी जातो. साताऱ्याला, सांगलीला, कुठे रत्नागिरीच्या आतल्या वाडीत. आजोबांच्या नावाचा सातबारा काढतो, वारसनोंदीत आपलं नाव लागलंय का ते बघतो, शेतकरी असल्याचा दाखला घेऊन परत येतो. म्हणजे इथे फाटक लावणारा माणूस बहुतेक वेळा कुठल्यातरी बांधावरचाच असतो. बांध कोरला म्हणून चुलत्याशी अबोला धरणं काय असतं, उन्हाळ्यात विहिरीवर पाळी लावणं काय असतं, हे त्याने लहानपणी पाहिलेलं असतं, निदान ऐकलेलं तरी असतं. त्याला वाट कळत नाही असं मला मान्यच करवत नाही. त्याच्या आजीनेही हंडे वाहिलेले असतात.

विकणाऱ्याकडेही बघायला हवं. डोंगरउताराच्या सव्वा एकर वरकस, म्हणजे भात न होणाऱ्या हलक्या जमिनीवर बारा-पंधरा नावं असतात. भाऊ, मयत भावाची मुलं, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, मुंबईला गिरणीत गेलेल्या काकाचे वारस, ज्यांना जमीन कुठे आहे हे माहीतही नाही. नाचणी-वरई करायची तर गुरं नाहीत, गुरं ठेवायची तर राखायला पोरं नाहीत, आणि जे पेरलं ते रानडुकरं ठेवत नाहीत. अशा जमिनीला एके दिवशी गिऱ्हाईक येतं. तेव्हा कुणाचं ऑपरेशन अडलेलं असतं, कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाला नुसतं एकदा स्लॅबचं घर बांधायचं असतं. सगळे वारस एका जीपमध्ये बसून दुय्यम निबंधकाकडे जातात, अंगठे आणि फोटो होतात, परतताना कुठेतरी मिसळ खातात. हे चूक केलं असं म्हणायचा हक्क शहरात तीन खोल्यांत राहणाऱ्या कुणालाही नाही. फक्त त्या जीपमध्ये वाटेचा विषय निघत नाही. विकणाऱ्याला वाटतं, वाट काय कुणी बंद करणार आहे? घेणाऱ्याला वाटतं, वाट असती तर त्यांनी सांगितलं असतं. दोघंही खरं बोलत असतात.

मुळशीत हे आणखी खोल जातं. जाहिरातीत ज्याला 'लेक व्ह्यू' म्हणतात तो तलाव म्हणजे टाटांच्या वीजधरणाचा जलाशय. 1921 च्या एप्रिलमध्ये, रामनवमीला, याच खोऱ्यातल्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर त्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. जमीन गेली. तळाची भाताची खाचरं, गावठाणं, देवळं पाण्याखाली गेली आणि माणसं वर सरकली, डोंगराच्या अंगावर, जिथे पाणी उन्हाळ्यात हंड्याने आणावं लागतं. धरणातलं पाणी खाली चमकतं आणि वाडी वर झऱ्यावर पाळी लावते. आता त्याच वरच्या उताराला भाव आला आहे, कारण तिथून ते पाणी फार सुंदर दिसतं. संध्याकाळी खरोखरच सुंदर दिसतं. पलीकडच्या डोंगराची सावली पाण्यावरून हळूहळू अलीकडे येते, शेवटी काठच्या सायंकाळी पेटलेल्या चुलींचा धूर तेवढा उजेडात राहतो. हे बघायला कुणी पैसे खर्च केले तर त्यात नवल नाही. पण हे बघताना खाली काय आहे ते ठाऊक असावं, एवढं मनात येतंच.

झऱ्याचं गणित नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण वाट बंद झाली तर ती कधीतरी उघडता येते, झरा बंद झाला तर नाही. सह्याद्री थरांचा डोंगर आहे. फटींचा, सच्छिद्र खडक आणि घट्ट खडक असे एकावर एक, मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पातळ थर. पाऊस वरच्या फटींतून मुरतो, खाली घट्ट थर लागला की त्याच्यावरून आडवा सरकतो आणि डोंगराच्या कुशीला जिथे तो थर उघडा पडतो तिथे झरा म्हणून बाहेर येतो. म्हणून एका डोंगरावरचे झरे बरेचदा एकाच उंचीवर सापडतात. आता या झऱ्याच्या वरच्या अंगाला कुणी दोन-तीनशे फूट बोअर मारलं तर काय होतं? ते पाणी अडवून धरणाऱ्या थराला भोक पडतं. केसिंग पाइप फक्त वरच्या मातीपुरता, खाली भोक उघडंच. झऱ्याचं पाणी त्या भोकातून खालच्या थरात उतरून जातं. बोअरला पहिली दोन वर्षं छान पाणी लागतं, बागेतले स्प्रिंकलर चालतात, आणि खाली वाडीत फेब्रुवारीपर्यंत भरून वाहणारा झरा डिसेंबरातच बारीक होतो. भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर परवानगीशिवाय घेता येत नाही. पण दगडांत खोचलेल्या पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याला सार्वजनिक स्रोत म्हणून नोंदवलेलं असेल तरच हे लागू होतं. ग्रामसभेत ठराव करून ती नोंद करून घेणं हे वाडीने करण्यासारखं पहिलं काम आहे. आणि सेप्टिक टँकचा शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर लांब असावा असं मानक सांगतं, ते मातीच्या जमिनीसाठी ठीक आहे. फटींच्या खडकात मैला किती लांब जाईल ते अंतराने मोजता येत नाही. तिथे एकच नियम पाळावा, खड्डा झऱ्याच्या वर कधीही नको.

खाचरांचंही तसंच. खाचर म्हणजे नुसतं भाताचं शेत नव्हे, ती उतारावर बसवलेली पाण्याची ताटं आहेत. वरच्या खाचरात बोटभर-चार बोटं पाणी उभं राहतं, जास्त झालं की बांधाला ठेवलेल्या खाचेतून खालच्यात जातं, तिथून त्याच्या खालच्यात. पाणी धावत नाही, पायऱ्या उतरतं. यातलं मधलं एक ताट कुणी विकत घेऊन मुरुमाने भरून सपाट केलं, वर बंगला आणि हिरवळ केली, की वरचं पाणी तुंबतं आणि एकदम फुटून खालच्या बांधावर येतं. मग भिंत बांधतात. काँक्रीटची सरळ भिंत, आत भराव, आणि भिंतीला पाणी निघायला भोकं नाहीत. भराव पाण्याने फुगतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीचं पोट पुढे येतं. भिंत घालायचीच असेल तर दीड-दोन मीटरवर तीन इंची पाइपांची भोकं हवीत, भिंतीमागे फूटभर जाडीचा खडीचा थर हवा, आणि भरावाच्या वरच्या बाजूला पाणी वळवून न्यायला चर हवा. जुन्या लोकांच्या दगडी ताली चुन्याशिवाय, मातीशिवाय रचलेल्या असत, म्हणून त्या शंभर वर्षं उभ्या आहेत. पाणी त्यांच्यातून गाळून जातं. एकास पाचपेक्षा जास्त उतारावर, म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटरपेक्षा जास्त चढ असेल तर, बांधकामाला बंदी आहे आणि ती कागदी बंदी नाही. 30 जुलै 2014 ला दरडीखाली माळीण गाव गेलं. 22 जुलै 2021 ला तळिये गेलं. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी. तिन्ही जुलैमध्ये. तिन्ही ठिकाणी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, कुणी बंगले बांधलेले नव्हते. डोंगर पाण्याने भरला की तो जुन्यालाही सोडत नाही. मग ज्याला आपण नव्याने कापतो त्याच्याबद्दल किती जपून असायला हवं.

फाटक लागलं त्याला कारणही आहे, ते सांगायला हवं. शनिवार-रविवारी वाटेवरून कुणीही वर येतं. धबधबा शोधत येतात, बाटल्या फोडून जातात, चूल पेटवून तशीच सोडतात. नव्या मालकांच्या आंब्याच्या कलमांना पहिल्याच वर्षी गुरांनी खाल्लं. त्यांनी ठेवलेला राखणदार म्हणजे आजीच्याच दिराचा नातू. त्याला महिन्याचा पगार आहे, राहायला पत्र्याची खोली आहे, लग्न ठरतं आहे. किल्ली त्याच्याकडे. पण किल्ली वापरायची नाही असं त्याला सांगितलेलं आहे आणि आजीलाही त्याला अडचणीत आणायचं नाही. चैत्रात जत्रा झाली तेव्हा पालखी त्याच वाटेने आली, कारण पालखी वाट बदलत नाही. त्या रात्री त्याने कुलूप काढलं, दोन्ही दारं उघडली, गुलालाने हिरवं फाटक लाल झालं. नवे मालक जोडीने आले होते. बाई पदर सावरून पालखीखालून गेल्या, नारळ दिला, वाडीतल्या बायकांशी बराच वेळ बोलत बसल्या. त्यांना मनापासून या वाडीतलं व्हायचं होतं, हे दिसत होतं. सकाळी फाटक पुन्हा बंद झालं. दुपारी पाऊण तासावरच्या हंड्याबद्दल त्यांना कुणी काही सांगितलं नाही, कारण पाहुण्यांना असं सांगत नाहीत. ते पाहुणे नव्हते, शेजारी होते, एवढाच गोंधळ.

कायद्यात सोय आहे. पूर्वापार वाट कुणी अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे साधा अर्ज करता येतो. गावनकाशा, सातबारा, शेजारच्या खातेदारांचे जबाब जोडायचे, तहसीलदार स्थळपाहणी करतो आणि अडथळा काढायचा हुकूम देतो. अट एकच, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज हवा. पुढे जायचं तर दिवाणी कोर्ट आणि वीस वर्षांची वहिवाट सिद्ध करणं. सहा महिने पुष्कळ वाटतात. पण एप्रिलनंतर लग्नसराई असते, मग राब भाजायचा, मग रोप, मग लावणी, मग गणपती, मग भात कापणीला येतं. आणि अर्ज कुणावर करायचा? त्या बंगल्यात वाडीतल्या चार बायका झाडलोट-स्वयंपाकाला जातात. ऑक्टोबर उलटला.

यापेक्षा कितीतरी सोपं काहीतरी होतं. जुन्या आवारांना असतं तसं, दोन खांब थोडे पुढे-मागे रोवून केलेलं नागमोडी अंतर, अडीच फुटी. हंडा डोक्यावर घेतलेलं माणूस दोन वळणं घेऊन निघून जातं, गाय-म्हैस वळू शकत नाही, मोटरसायकल घुसत नाही. चार लोखंडी खांब, एका दिवसाचं वेल्डिंग. पालखीसाठी फाटक तसंच राहिलं असतं. कुणी विचारलं असतं तर कुणीही नाही म्हटलं नसतं असं मला अजून वाटतं.

दिवाळीनंतर झरा बारीक व्हायला लागला आणि बायकांना ओढ्याची फेरी जड व्हायला लागली. आता फाटकापासून चाळीसएक पावलांवर कुंपणाच्या तारा एका जागी खाली वाकल्या आहेत. काटेरी तारेच्या पाचही ओळी एकत्र दाबून सुतळीने बांधल्या आहेत आणि त्यांच्यावर, लुगडं अडकू नये म्हणून, पोतं घडी करून टाकलेलं आहे. एप्रिलमध्ये खांबाच्या काँक्रीटवर भिजवून गुंडाळलेलं तेच पोतं. सिमेंटचा पांढरा डाग अजून आहे त्याच्यावर. राखणदार रोज सकाळी तिथून जातो, पोतं सरकलेलं असेल तर नीट करतो. पोत्याच्या दोन्ही बाजूंना, वीतभर रुंदीत, गवत उगवायचं थांबलं आहे.